कंबरपट्ट्यातली पुडी आणि अंगठ्याचा ठसा

येवल्याचे नाव इतिहासात निघते ते पैठणीमुळे, तात्या टोपे यांच्या जन्मामुळे आणि १३ ऑक्टोबर १९३५ या दिवसामुळे. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आमच्या गावी भरलेल्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली. आज मुक्तिभूमीचे स्मारक त्या घटनेची आठवण देत उभे आहे आणि दरवर्षी दूरदूरची माणसे तिथे येतात. त्याच १९३५ साली येवल्यापासून फार लांब, बिहारमधल्या मोतीहारी गावी एक निवृत्त पोलीस अधिकारी अल्लाला प्यारा झाला. त्याचे नाव काझी सय्यद अझीझुल हक. या माणसाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. पण रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट टेकवणाऱ्या म्हातारीपासून खरेदीखतावर अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत, ज्या विद्येने माणसाच्या बोटाला ओळखीचा दर्जा दिला, त्या विद्येच्या उभारणीत या माणसाचा मोठा वाटा आहे.

आपल्या वाअझमध्ये बोटांच्या ठशांचा विषय पुष्कळदा निघतो. सूरह कियामामध्ये बोटांच्या टोकांचा उल्लेख आहे आणि त्याचा दाखला देऊन मौलवीसाहेब आधुनिक शास्त्राकडे वळतात. पण त्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एक मुसलमान फौजदार होता, ही गोष्ट मात्र त्या बयानात येत नाही. ती शाळेच्या पुस्तकातही येत नाही. म्हणून हक साहेबांची आठवण काढावी असे आम्हास वाटले. ही आठवण केवळ अभिमानासाठी नाही. गुन्हा कोणी केला हे ठरवायचे कशावरून, हा प्रश्न आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मुसलमानांना अलीकडच्या काळात फार जवळून भोगावा लागला आहे. हक साहेबांचे आयुष्य त्या प्रश्नाशी बांधलेले आहे.

त्यांच्याकडे जाण्याआधी आपल्याच मुंबई इलाख्यातल्या एका गुप्तपोलिसाची हकीकत सांगणे भाग आहे, कारण तिचा धागा थेट येवल्यापर्यंत येऊन पोहोचतो.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांनी नेहमीप्रमाणे पपनसाचे सरबत तोंडाला लावले. दोन-तीन घोटांनंतर चव वेगळी लागली म्हणून उरलेले त्यांनी फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड आणि मागाहून मुंबई सरकारचे रसायन-परीक्षक डॉ. ग्रे यांनी तो तपासला. त्यात सोमल निघाला आणि हिऱ्याच्या पुडीसारखे चकाकणारे कणही निघाले. संशय गेला तो खुद्द महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर. महाराज आणि रेसिडेंट यांचे हाडवैर जगजाहीर होते.

तपासासाठी मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर बडोद्याला आले. बरोबर त्यांनी आपली निवडक माणसे आणली. खानबहादूर अकबर अली, अब्दुल अली आणि गजानन विठ्ठल. मुंबईच्या गुप्तपोलिसांतली ही नावाजलेली माणसे. यांपैकी मीर अब्दुल अली पुढे मुंबईच्या गुप्तपोलीस खात्याचे प्रमुख झाले आणि १८९६ साली नौरोजी दुमासिया या पारशी पत्रकाराने इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. एका हिंदी पोलीस अंमलदाराचे चरित्र त्या काळी छापले जावे, यावरून त्यांचा लौकिक कळतो.

बडोद्यात रेसिडेन्सीच्या नोकरांची जबान्यांवर जबान्या झाल्या. आया अमीना बोलली, हवालदार रावजी बोलला, जमादार नरसू बोलला. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनीही कबुलीजबाब दिला. या सगळ्या बोलण्याला एका वस्तूचा आधार मिळाला. २५ डिसेंबर १८७४ रोजी रावजीच्या जुन्या कंबरपट्ट्यात, जो त्या वेळी दुसऱ्याच शिपायाकडे होता, अकबर अलींच्या हाताला कागदाची एक लहानशी पुडी लागली. पुडीत सोमल होता.

२३ फेब्रुवारी १८७५ पासून बडोद्यात चौकशी कमिशन बसले. कमिशनमध्ये तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव होते. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे गाजलेले बॅरिस्टर आले. त्यांनी नेमका त्या पुडीवर हल्ला चढवला. इतके दिवस कोणाला न दिसलेली पुडी पोलिसांना हवी तेव्हा, हवी तिथे कशी सापडली, असा त्यांचा रोख होता. शेवटी तीन इंग्रजांनी महाराजांना दोषी मानले आणि तीन हिंदी सभासदांनी आरोप शाबीत झाला नाही असे लिहिले. सहा जणांचे एकमत झालेच नाही. सरकारने मग विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले.

पुढचा भाग आपल्या जिल्ह्याचा आहे. रिकाम्या गादीसाठी महाराणी जमनाबाईंनी मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक घेतला. तारीख होती २७ मे १८७५. हा मुलगा म्हणजे सयाजीराव गायकवाड. याच सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले आणि तो तरुण १९३५ साली येवल्याच्या व्यासपीठावर उभा राहिला. इतिहासाची साखळी इतकी सरळ ओढू नये, हे आम्ही जाणतो. बाबासाहेब कोणाच्या शिष्यवृत्तीमुळे बाबासाहेब झाले नाहीत. तरीही कंबरपट्ट्यातली एक पुडी कोणाकोणाच्या नशिबाला स्पर्श करून गेली, हे पाहण्यासारखे आहे.

आणि ती पुडी खरी होती का? अकबर अलींना ती सापडली, की सापडावी अशी ठेवली गेली? दीडशे वर्षे उलटली, तरी याचे उत्तर कोणी छातीठोकपणे देऊ शकत नाही. आम्ही अकबर अलींवर आरोप करत नाही. तसा आरोप करायलाही पुरावा लागतो. मुद्दा वेगळा आहे. ज्या पुराव्याची खातरी शेवटी पोलिसाच्या शब्दावर येऊन ठेपते, तो पुरावा पोलीस प्रामाणिक असला तरी लंगडाच राहतो. पोलिसाच्या इमानावर शंका घेणाऱ्याला गप्प करण्याचा मार्ग त्या प्रामाणिक पोलिसाकडेही नसतो.

ही अडचण इंग्रजांच्या कायद्यालाही ठाऊक होती. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा याची साक्ष देतो. त्याच्या कलम २५ ने ठरवून टाकले की पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. ठाण्यात कबुली कशी निघते, हे कायदा करणाऱ्यांपासून लपलेले नव्हते. पण कबुली बाजूला ठेवली तर तपास उभा करायचा कशावर? या प्रश्नाचे एक उत्तर ज्याच्या हातून घडायचे होते, तो मुलगा त्याच १८७२ साली बंगालमध्ये जन्माला आला.

अझीझुल हक यांचा जन्म खुलना जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. आईवडील लहानपणीच गेले. मोठ्या भावाच्या घरात वाढताना खटके उडाले आणि बाराव्या वर्षी पोर घर सोडून कलकत्त्याला निघून आले. तिथे एका कुटुंबाने आसरा दिला, शिकवले. मुलाचे गणित विलक्षण होते. पुढे तो प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचला. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांना त्या सुमारास संख्याशास्त्रात हुशार असा एखादा विद्यार्थी हवा होता. कॉलेजने हक यांचे नाव सुचवले आणि १८९२ साली ते पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर झाले. काठी-दंडुक्याच्या खात्यात गणिताच्या जोरावर शिरलेला हा माणूस होता, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

हेन्रींना गणिती का हवा होता? गुन्हेगार नाव बदलतो, गाव बदलतो, दाढी वाढवतो किंवा काढतो. तो पूर्वी सजा भोगलेला आहे की नाही, हे ओळखायचे कसे? फ्रान्समध्ये बर्टिलॉन यांनी शरीराची मापे घेण्याची पद्धत काढली होती. डोक्याची लांबी-रुंदी, मधल्या बोटाची लांबी, पावलाची लांबी अशी अकरा मापे. तीच बंगालमध्ये सुरू होती. पण एकाच माणसाची मापे दोन शिपायांनी घेतली तर दोन निघत. जरा हात सैल, जरा घट्ट, की कार्ड दुसऱ्याच खणात जाई. हक साहेबांना या पद्धतीचा लवकरच वीट आला.

बोटाचा ठसा बंगालला नवा नव्हता. १८५८ साली हुगळी भागात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला होता. ठसे जन्मभर बदलत नाहीत आणि दोघांचे सारखे नसतात, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ च्या आपल्या पुस्तकात मांडले होते. मग घोडे अडले कुठे? ठसे ठेवण्यात. दहा-वीस हजार माणसांचे ठसे गोळा झाले की त्यांतून एक नेमका ठसा शोधणार कसा? गाल्टन यांची वर्गवारी एवढ्या मोठ्या दप्तराला पुरी पडत नव्हती. ठसा होता, पण त्याला पत्ता नव्हता. हक साहेबांनी ठशाला पत्ता दिला.

हा हिशोब इतका सुटसुटीत आहे की येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या बायाबापड्या मुलाच्या बोटावर शंख आहे की चक्र, असे बघतात. हक साहेबांनी प्रत्येक बोटाला तेवढेच विचारले, चक्र आहे की नाही? दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत चारच शक्यता. दोन्ही बोटांत चक्र, फक्त पहिल्यात, फक्त दुसऱ्यात, किंवा एकातही नाही. पाच जोड्या म्हणजे चार पाच वेळा गुणायचे. उत्तर येते १०२४. हीच संख्या बत्तीस गुणिले बत्तीस. म्हणजे बत्तीस ओळी आणि बत्तीस रांगा असलेले खणांचे एक कपाट केले की जगातला कोणताही माणूस त्यातल्या एका खणात बसतो.

खण शोधण्यासाठी आकडे ठरवले. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६, दुसऱ्या जोडीत ८, मग ४, मग २, शेवटच्या जोडीत १. जोडीतल्या एका बोटाचे आकडे वर मांडायचे, दुसऱ्याचे खाली. दोन्हीकडे बेरीज करून एक-एक मिळवायचा. कोणत्याच बोटात चक्र नसेल तर उत्तर येते एकावर एक, दहाही बोटांत असेल तर बत्तीसावर बत्तीस. केवळ उजव्या अंगठ्यात आणि त्याच हाताच्या तर्जनीत चक्र असेल तर सतरावर सतरा. शिपायाला कार्ड हातात आल्यावर सगळे दप्तर उपसायची गरज उरली नाही. एका खणाशी जायचे आणि तिथली कार्डे पाहायची. त्यापुढची पोटवर्गवारी आणि तारेने ठसा कळवण्याची सांकेतिक भाषा यांत हेमचंद्र बोस या हक यांच्या सहकाऱ्याने मोलाचे काम केले. एक मुसलमान आणि एक हिंदू अशा दोन बंगाली फौजदारांनी मिळून हे शास्त्र बांधले, हेही सांगितले पाहिजे.

मार्च १८९७ मध्ये सरकारी समितीने ही पद्धत तपासून पसंत केली. जूनमध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने मान्यता दिली आणि कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी जलपायगुडी भागात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला आणि पेटी फोडून पैसे नेले गेले. मागे राहिलेल्या कागदांत एक बंगाली पंचांग होते आणि त्याच्या पानावर पुसट तपकिरी डाग. तो डाग एका अंगठ्याचा ठसा निघाला. कलकत्त्याच्या दप्तरात शोध घेता तो कंगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. चरण पूर्वी चोरीची सजा भोगून आलेला होता. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, पण खुनाबद्दल धरले नाही. पानाला हात लागला, हे ठशाने सांगितले; गळ्यावर सुरी कोणी चालवली, हे त्याने सांगितले नाही. जेवढे पुराव्याने सांगितले तेवढेच न्यायाधीशांनी ऐकले. हा संयम आज आठवण्याजोगा आहे. १८९९ साली पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठशाबद्दल तज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य धरले जाऊ लागले.

आता श्रेयाची गोष्ट. १९०० साली हेन्री यांचे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. १९०१ साली स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत घेतली. हेन्री पुढे लंडनचे पोलीस कमिशनर झाले, सर झाले, १९१८ मध्ये बॅरोनेट झाले. पद्धत जगभर गेली ती 'हेन्री पद्धत' या नावाने. आगगाडीच्या प्रवासात हेन्रींना एकाएकी ही युक्ती सुचली आणि कागद नव्हता म्हणून त्यांनी ती शर्टाच्या बाहीवर टिपून ठेवली, अशी आख्यायिकाही रूढ झाली. हक साहेबांना १९१३ साली खानसाहेब आणि १९२४ साली खानबहादूर हा किताब मिळाला. पाच हजार रुपयांचे मानधन मिळाले. मधल्या काळात त्यांनी बिहारच्या पोलीस खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मोतीहारीत राहिले.

येथे हेन्रींवर अन्याय होऊ नये. त्यांनी या तरुणाला हेरले, काम दिले, वरिष्ठांपुढे पद्धतीसाठी भांडले. १९२६ साली सरकारला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट कबूल केले की पद्धत पूर्णत्वास नेण्यात हक यांचा वाटा आपल्या हाताखालच्या इतर सर्वांपेक्षा अधिक होता. पण ही कबुली यायला जवळजवळ तीस वर्षे लागली आणि तोवर नाव पक्के झाले होते. साहेबाने सही करायची आणि कारकुनाने हिशोब करायचा, ही त्या राज्याची रीतच होती. पैठणीच्या पदरावरचा मोर कोणी विणला, हे तरी कोण विचारतो? पेढीचे नाव तेवढे लक्षात राहते. २००५ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात सोधी आणि कौर या दोन भारतीय अभ्यासकांनी हक आणि बोस यांच्यावर लेख लिहून ही उपेक्षा मांडली. ब्रिटनमधल्या फिंगरप्रिंट सोसायटीने या दोघांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. परक्यांना जाग आली; आपण अजून झोपेत आहोत.

या विद्येचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू लपवणे बरे नव्हे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते, त्यांची बोटे शाईत बुडवायला हेच शास्त्र कामी आले. स्वतः हेन्री १९०० साली पोलीस व्यवस्था बसवण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले आणि ठशाची पद्धत तिकडेही पोहोचली. थोड्याच वर्षांत ट्रान्सवालमधल्या हिंदी माणसांवर ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती आली. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत अल्लाला साक्षी ठेवून हा कायदा न पाळण्याची शपथ घेऊया, असे शेठ हाजी हबीब यांनी म्हटले आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो प्रारंभ ठरला. १९०८ साली हमीदिया मशिदीच्या आवारात परवान्यांची होळी झाली. कलकत्त्यात एका मुसलमानाने घडवलेले हत्यार आफ्रिकेतल्या मुसलमान व्यापाऱ्यांवर चालले. हत्यार कोणाच्या हातात आहे, हे म्हणूनच पाहावे लागते. आपल्याकडेही २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हापासून गरिबाचे धान्य त्याच्या बोटाशी बांधले गेले. काबाडकष्टाने बोटे झिजलेल्या माणसाला यंत्र ओळखत नाही, तेव्हा यंत्र चुकले असे कोणी म्हणत नाही. माणूसच परत पाठवला जातो.

मग या सगळ्यात हक साहेबांचा धडा कोणता? तो समजायला येवल्याहून मनमाड ओलांडून मालेगावपर्यंत जावे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शबे बरातच्या दिवशी, जुम्माच्या नमाजानंतर मालेगावात बाँबस्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. मेलेले मुसलमान आणि पकडलेलेही मुसलमान. नऊ जणांना आरोपी केले. त्यांच्यावर मोक्का लावला. १९९९ च्या या कायद्याच्या कलम १८ ने १८७२ चे ते जुने कुंपण काढून टाकले आहे. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली त्यात पुरावा ठरते. साहजिकच कबुल्या निघाल्या. पाच वर्षांनी जामीन झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आरोपींना आरोपमुक्त केले. त्यांच्या आयुष्यातली ही वर्षे कोणत्या खणात ठेवायची?

मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या रेल्वे स्फोटांची गत तीच. २०१५ साली बारा जणांना दोषी ठरवले गेले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले आणि त्यांचे कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. याच खटल्यातून २०१५ मध्येच निर्दोष सुटलेले अब्दुल वाहिद शेख हे पेशाने शाळाशिक्षक. नऊ वर्षे तुरुंगात काढताना ते कायदा शिकले आणि बाहेर येऊन त्यांनी कबुल्या कशा घेतल्या जातात यावर पुस्तक लिहिले.

येथे आपल्यालाही एक कसोटी लावून घेतली पाहिजे. २०१० च्या अखेरीस स्वामी असीमानंद यांनी दंडाधिकाऱ्यासमोर कबुलीजबाब दिला, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत सुटकेचा श्वास टाकला गेला. सत्य बाहेर आले, असे आपण म्हटले. पुढे त्यांनी ती कबुली नाकारली आणि न्यायालयांतून ते निर्दोष सुटले. आपल्या मुलांची कबुली खोटी आणि दुसऱ्याच्या मुलाची खरी, असा न्याय आपण मागू लागलो तर आपला हक्क उरत नाही. कबुली कोणाचीही असो, तिच्या मागे तपासता येईल असा पुरावा हवा. नसेल तर ती कंबरपट्ट्यातली पुडी आहे.

ठसाही चुकतो. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या आगगाड्यांत बाँबस्फोट झाले. एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा ठरवला. मेफिल्ड यांनी इस्लाम स्वीकारलेला होता. त्यांना अटक झाली आणि दोन आठवडे ते कोठडीत राहिले. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठसा शंभर टक्के जुळतो असे सांगितले होते. पण स्पेनच्या पोलिसांना तो पटला नाही; त्यांनी स्वतः पडताळणी केली आणि ठसा एका अल्जेरियन माणसाचा निघाला. एफबीआयला माफी मागावी लागली. पुढे मोठी भरपाईही द्यावी लागली. ठशावरून चूक झाली आणि ठशावरूनच ती उघडी पडली, कारण तोच ठसा हजारो मैलांवरच्या दुसऱ्या माणसाला भिंग लावून पाहता आला. रावजीचा कंबरपट्टा असा कोणाला पाहता आला नाही. कोठडीत मारून घेतलेली कबुली अशी कोणाला तपासता येत नाही.

हक साहेबांनी जगभरच्या पोलिसांना शिकवले ते हे. ते कोणत्या शाळेत मास्तर नव्हते. पण त्यांची पद्धत विसाव्या शतकात देशोदेशीच्या पोलिसांनी धडा म्हणून गिरवली. पुस्तकावर नाव दुसऱ्याचे असले, तरी शिकवणारा तोच. संगणक आल्यावर बत्तीस बाय बत्तीसचे कपाट मागे पडले. २०२२ पासून देशभरच्या ठशांचे एकत्रित संगणकीय दप्तर सुरू झाले आहे आणि त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळे व इतर मापे घेण्याचे अधिकारही पोलिसांना दिले. दप्तर जितके मोठे, तितकी त्याच्यावर नजर ठेवण्याची गरज मोठी. ही नजर ठेवायला घोषणा देणारे पुरेसे नाहीत. आकडे आणि पुरावा वाचता येणारी माणसे लागतात. वकील, न्यायवैद्यक तज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि पोलीस खात्यातले अधिकारीही. सच्चर समितीने २००६ साली सरकारी नोकऱ्यांतले आपले तोकडे प्रमाण दाखवले, त्यावर आपण पुष्कळ बोललो. पोरका मुलगा गणिताच्या बळावर त्या खात्यात कसा गेला, याकडेही आता बघू या.

हक साहेबांचे स्मारक व्हावे, अशी मागणी आम्ही करणार नाही. स्मारकांवर हार चढतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा आमच्या येवल्यातल्या, मालेगावातल्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या उर्दू आणि मराठी शाळांच्या गणित शिक्षकांना एक विनंती. आठवीच्या वर्गात एक तास काढावा. मुलांना शाईचा पॅड द्यावा आणि आपापल्या दहा बोटांचे ठसे कागदावर उठवायला सांगावेत. चक्र कुठे आहे ते शोधू द्यावे, सोळा, आठ, चार, दोन, एक हे आकडे मांडू द्यावेत आणि प्रत्येकाला आपला खण काढू द्यावा. तास संपताना कागद ज्याचा त्याला परत द्यावा, कारण ठसा ज्याचा, त्यावर पहिला हक त्याचा. आणि मग फळ्यावर ज्याने हा हिशोब केला त्याचे नाव लिहावे.